गोदाम आणि चांदी: अमेरिकेतल्या एका जाहीरनाम्याची गोष्ट

(दृश्य: कापसाचं शेत, मग लाकडी फळ्यांचं जुनं दुकान)

अमेरिकेच्या दक्षिणेत, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेक्सास या पट्ट्यात, १८८० च्या दशकात कापूस पिकवणारा छोटा शेतकरी दुकानात गेला की त्याच्यासाठी एकाच वस्तूचे दोन भाव असायचे, एक रोखीचा आणि एक उधारीचा, आणि रोख त्याच्याकडे कधी नसायचीच. मग मक्याचं पीठ, खारवलेलं मांस, खत, नांगराचा फाळ, पोरांचे कपडे, सगळं उधारीच्या भावाने वहीत चढायचं, त्यावर परत व्याज, आणि तारण काय तर अजून उगवायचा असलेला कापूस. वेचणी झाली की गाठी थेट दुकानदाराकडे. तो हिशेब करायचा आणि बऱ्याचदा असं निघायचं की सगळा कापूस देऊनही बाकी आहेच. मग पुढच्या वर्षीचं पीकसुद्धा त्याच्याकडेच गहाण, बाकी फिटेपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची नाही, आणि पेरायचं काय तेही तोच सांगणार. कापूस पेर, कारण कापूस विकला जातो.

हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि हे नुसतं साम्य नाहीये, धागा खरंच जोडलेला आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंदरात अडकला, इंग्लंडच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली, इकडे वऱ्हाड-खानदेशात कापसाला कधी नव्हे तो भाव आला, सावकार सढळ हाताने कर्ज द्यायला लागले. युद्ध संपलं, अमेरिकन कापूस बाजारात परतला, भाव पडले, त्यात इंग्रज सरकारने शेतसारा वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. त्यानंतर दोनच वर्षांनी टेक्सासच्या लॅम्पासस काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, तिथल्या शेतकऱ्यांनी एक संघटना काढली. फार्मर्स अलायन्स. आजची गोष्ट तिथून सुरू होते, कारण अमेरिकेत आज कुणी "सामान्य माणसाचा उमेदवार" म्हणून राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहतं आणि हातात मागण्यांचा कागद धरतं, त्या कागदाचं मूळ या शेतकऱ्यांपाशी आहे.

(दृश्य: अलायन्सच्या सभेचं चित्र)

अलायन्सने आधी स्वतःच हातपाय मारले. चार्ल्स मॅक्यून नावाचा त्यांचा एक नेता होता, त्याने १८८७ ला डॅलसमध्ये एक्स्चेंज उभं केलं, म्हणजे सगळ्यांचा कापूस एकत्र विकायचा आणि अवजारं, किराणा एकत्र ठोक भावात घ्यायचा, मधला दुकानदार वगळायचा. डोकं एकदम बरोबर होतं. पण हंगामभर सामान उधार द्यायला भांडवल लागतं, आणि एक्स्चेंज शेतकऱ्यांच्या सह्यांची हमीपत्रं घेऊन टेक्सासच्या बँकांकडे गेलं तर बँकांनी दारं लावून घेतली. दोन-तीन वर्षांत एक्स्चेंज बुडालं.

त्या बुडण्यातून मॅक्यूनला जे सुचलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. डिसेंबर १८८९, सेंट लुईस, तिथल्या अधिवेशनात त्याने सबट्रेझरीची योजना मांडली. ज्या काउंटीत वर्षाला ५ लाख डॉलरच्या वर शेतमाल विकायला येतो तिथे सरकारने गोदाम बांधायचं. शेतकऱ्याने आपला कापूस, गहू, मका, तंबाखू तिथे नेऊन ठेवायचा, पावती घ्यायची, आणि त्या दिवशीच्या बाजारभावाच्या ८० टक्के रक्कम सरकारकडून लगेच उचलायची, वर्षाला १ टक्का व्याजाने. मग बारा महिन्यांत भाव चांगला वाटेल तेव्हा माल विकायचा आणि कर्ज फेडायचं. बस, एवढंच. पण ही एक गोष्ट झाली असती तर दुकानदाराची वही तिथेच संपली असती, कारण वहीचा सगळा जोर यावरच होता ना, की वेचणीनंतर शेतकऱ्याला थांबता येत नाही, सगळे एकाच महिन्यात विकायला काढतात आणि भाव तेव्हाच पडतो.

आपल्या पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना ज्यांनी वापरलीय त्यांना हे ऐकताना ओळखीचं वाटत असेल. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, ६ महिने मुदत. तीच कल्पना. आपल्याकडेही सगळ्याच बाजार समित्या ती मनापासून राबवत नाहीत हे वेगळं दुखणं, पण जिथे राबवतात तिथे शेतकरी दिवाळीच्या तोंडावर घाईघाईत माल फुंकत नाही.

(दृश्य: ओमाहा शहराचा जुना फोटो, तारीख पडद्यावर)

४ जुलै १८९२. ओमाहा, नेब्रास्का. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी पीपल्स पार्टीचं अधिवेशन, ज्यांना लोक पॉप्युलिस्ट म्हणायला लागले होते ते हेच. उमेदवार कोण होणार तर अलायन्सचे अध्यक्ष लिओनिडास पोल्क असं जवळजवळ ठरल्यासारखं होतं, पण अधिवेशनाच्या तीनेक आठवडे आधीच ते वारले, आणि उमेदवारी आयोवाच्या जेम्स वीव्हर यांना गेली. तिथे जाहीरनामा मंजूर झाला, त्याची प्रस्तावना लिहिली इग्नेशियस डॉनेली यांनी, आणि तिचा सूर असा की कोट्यवधी लोकांच्या घामाचं फळ दिवसाढवळ्या चोरून मूठभरांचे डोंगर उभे राहतायत. पण मला प्रस्तावनेपेक्षा खालच्या मागण्या जास्त भिडतात. उत्पन्न जास्त तर कर जास्त. रेल्वे, तार आणि टेलिफोन सरकारच्या मालकीचे. पोस्टात बचत खाती. सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातले सदस्य, थेट लोकांनी निवडायचे, कारण तेव्हा ते राज्यांच्या विधिमंडळात ठरायचे. गुप्त मतदान. लोकांनी सह्या गोळा करून थेट कायदा मतदानाला टाकायचा हक्क. आणि सबट्रेझरी, जिच्यापुढे एक छोटीशी ओळ आहे, "किंवा याहून चांगली पद्धत". म्हणजे आमचीच योजना घ्या असा हट्ट नाही, शेतकऱ्याला २ टक्क्यांच्या आत कर्ज मिळालं पाहिजे हे पक्कं, ते कसं याला तुमच्याकडे आणखी चांगलं उत्तर असेल तर आणा. जाहीरनाम्यात इतकी प्रामाणिक ओळ मी फार कमी वाचलीय.

याच अधिवेशनाने परदेशातून येणाऱ्या गरीब मजुरांना रोखा असाही ठराव केला होता, हे लपवून चालणार नाही. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची अलायन्स वेगळीच होती, आणि १८९१ मध्ये कापूस वेचणाऱ्या मजुरांनी मजुरीसाठी संप पुकारला तेव्हा गोऱ्या अलायन्सचे पुढारी त्यांच्या विरोधात उभे राहिले, आर्कान्सामध्ये तो संप बंदुकीने मोडला गेला, माणसं मारली गेली. जो दुकानदार गोऱ्या शेतकऱ्याला लुटत होता तोच काळ्यालाही लुटत होता, पण वेळ आल्यावर ही जखम आड आली. हा धागा आजपर्यंत येतो. जानेवारी २०२५ मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स एच-वन-बी व्हिसाच्या विरोधात बोलले, कंपन्या स्वस्तात माणसं आणायला तो वापरतात म्हणून, आणि न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना त्यांची बाकी धोरणं पटतात त्यांनाही ते लागलं असणार. माझं मत विचाराल तर राग कंपनीवर हवा, व्हिसावर आलेल्या माणसावर नको, आणि नोकरी सुटली की देश सोडायची टांगती तलवार काढली तर कंपनीला त्याला स्वस्तात राबवता येणारच नाही.

तर वीव्हर, १८९२ ची निवडणूक. १० लाखांच्या वर मतं, २२ इलेक्टोरल मतं (राज्यांना वाटून दिलेली, ज्यांवर राष्ट्राध्यक्ष ठरतो), कॅन्सस, कोलोराडो, आयडाहो, नेवाडा ही राज्यं जिंकली. पहिल्याच झटक्यात तिसऱ्या पक्षाला हे म्हणजे खूप होतं.

(दृश्य: चांदीचं नाणं, क्लोजअप)

आणि मग चांदी आली. ओमाहाच्या कागदात चांदीची मागणीही होतीच, १६ औंस चांदीला १ औंस सोनं या हिशेबाने चांदीची नाणी हवी तेवढी पाडा, म्हणजे बाजारात पैसा वाढेल आणि शेतमालाचे भाव चढतील. तर्क अगदीच चुकीचा नव्हता, पैसा खरंच टंचाईत होता, १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका पौंड वजनाला १२ सेंटच्या वर जाणारा कापूस १८९४ ला ५ सेंटच्या खाली आला होता. पण बाकीच्या मागण्या समजून घ्यायला तास लागायचा आणि चांदी एका घोषणेत बसायची. शिवाय पश्चिमेतल्या चांदीच्या खाणमालकांना ती हवीच होती, म्हणजे पैसाही मागून आला. १८९६ ला डेमोक्रॅट्सच्या शिकागो अधिवेशनात विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी सोन्याच्या क्रुसावर माणसाला चढवू नका, म्हणजे चलन फक्त सोन्याला बांधून लोकांचा बळी देऊ नका, असं भाषण केलं, सभागृह डोक्यावर घेतलं, उमेदवारी मिळवली, आणि पॉप्युलिस्टांनीही स्वतःचा उमेदवार न देता त्यांनाच पाठिंबा दिला. प्रचार कशाचा? चांदी, चांदी आणि चांदी. हेन्री डेमारेस्ट लॉइड नावाचे त्यांच्यातलेच एक पत्रकार तेव्हा चिडून म्हणाले होते की दुसऱ्यांनी कष्टाने बांधलेल्या घरट्यात येऊन अंडी घालणारा पक्षी असतो तशी ही चांदी आहे. समोर रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ली यांच्यामागे बँका आणि तेल कंपन्यांचा पैसा, इलेक्टोरल मतांचा निकाल २७१ विरुद्ध १७६. ब्रायन हरले, पण मला जास्त लागतं ते हे की पीपल्स पार्टी त्यात विरघळून गेली आणि गोदामाचं नावही कुणी घेईना.

गंमत म्हणजे, किंवा गंमत नाही, दुःखच, बाकीच्या मागण्या एकेक करून परक्या हातांनी पूर्ण झाल्या. १९११ ला पोस्टात बचत खाती सुरू झाली, ती १९६० च्या दशकात बंदही केली. १९१३ ला राज्यघटनेत दोन दुरुस्त्या, उत्पन्नावर कर आणि सिनेटरांची थेट निवडणूक. कराचा तर कायदा १८९४ लाच झाला होता, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने तो उडवला, घटना बदलायला १८ वर्षं गेली. आणि गोदाम? ऑक्टोबर १९३३, महामंदी, रूझवेल्ट सरकारने कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन काढलं, साठवलेल्या कापसावर शेतकऱ्याला पौंडाला १० सेंट कर्ज. मॅक्यूनची कल्पना ४४ वर्षांनी आली, तोपर्यंत दोन पिढ्या त्या वहीखाली गेल्या.

(दृश्य: २०१९, सभेची गर्दी)

आता आजकडे या. २०१६ आणि २०२० ला सँडर्स डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत होते, दोन्ही वेळा हरले. त्यांचा कागद वाचला तर ओमाहा दिसतं. सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा, तासाला किमान १५ डॉलर मजुरी, सरकारी कॉलेजं मोफत, ३ कोटी २० लाख डॉलरच्या वरच्या संपत्तीवर १ टक्क्यापासून ८ टक्क्यांपर्यंत चढत जाणारा कर, क्रेडिट कार्डचं व्याज जास्तीत जास्त १५ टक्के, आणि हो, पोस्टात बँक. २०२० ला हीच उमेदवारी मागणाऱ्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांचाही कागद जवळपास त्याच रस्त्याने जाणारा, फक्त आकडेमोड जास्त बारकाईची.

मी हा सगळा इतिहास एवढा उगाळला कारण मला या प्रत्येक मागणीला एकच प्रश्न विचारायचा आहे, ही गोदाम आहे की चांदी? म्हणजे माणसाच्या गळ्याला फास जिथे लागतो ती नेमकी गाठ ही सोडवते, की फक्त सभेत टाळ्या घेते?

विद्यार्थी कर्ज घ्या. एकूण कर्ज १.६ ट्रिलियन डॉलरच्या घरात. सँडर्सच्या कागदात ते माफ करणं आणि कॉलेजची फी बंद करणं ही जोडी होती, पैसा कुठून तर शेअरच्या प्रत्येक व्यवहारावर अर्धा टक्का कर. पण पुढे काय झालं, जोडी फुटली, हेडलाइनमध्ये फक्त माफी राहिली. बायडन सरकारने २०२२ ला १० हजार डॉलर आणि गरीब घरच्यांना २० हजारपर्यंत माफी जाहीर केली, ३० जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. ज्यांच्या डोक्यावर हे कर्ज आहे त्यांचं दुखणं शंभर टक्के खरं आहे, मी ते कमी लेखत नाही. पण समजा कोर्टाने माफी ठेवली असती, तरी त्याच सप्टेंबरला कॉलेजात गेलेल्या पोराला फी तेवढीच होती आणि त्याची वही तिथून नव्याने सुरू. कर्जमाफी झाली आणि पुढच्या हंगामात परत कर्ज, हे आपण महाराष्ट्रात इतक्यांदा बघितलंय. जोडीतला अवघड अर्धा भाग सोडला की असं होतं.

पोस्टातली बँक उलट आहे, मागणी एकदम गोदामासारखी, पण राबवली कशी ते बघा. अमेरिकेत लाखो लोकांचं बँकेत खातंच नाही, पगाराचा चेक वटवायला सुद्धा दुकानात कमिशन मोजावं लागतं. आपल्याकडे आजीचं पोस्टाचं पासबुक असतं, तिथे ती सोयच नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये टपाल खात्याने चार ठिकाणी प्रयोग केला, वॉशिंग्टन, बाल्टिमोर, ब्राँक्स आणि व्हर्जिनियातलं फॉल्स चर्च. पगाराचा चेक आणा, ५०० डॉलरपर्यंत, आणि त्याबदल्यात काय मिळणार तर गिफ्ट कार्ड, वर ५ डॉलर ९५ सेंट फी. रोख नाही, खातं नाही, जाहिरात नाही. काही महिन्यांत मिळून ६ गिऱ्हाईकं आली. आणि मग लोक म्हणायला मोकळे की बघा, कुणाला नकोच होतं. अशाने चांगली कल्पना वीस वर्षं मागे जाते, याचा मला खरंच राग येतो.

मजुरीचं जरा बरं चाललंय. केंद्राची किमान मजुरी २००९ पासून ७ डॉलर २५ सेंटवर अडकलीय, मार्च २०२१ मध्ये सिनेटमध्ये १५ डॉलरचा प्रस्ताव ४२-५८ ने पडला. पण फ्लोरिडा बघा, नोव्हेंबर २०२० ला तिथल्या लोकांनी थेट मतदानाने १५ डॉलर मंजूर केले, ६० टक्के लागतात, जवळपास ६१ पडले, आणि त्याच दिवशी त्याच राज्यात ट्रम्पही जिंकले. म्हणजे लाखो लोकांनी एकाच मतपत्रिकेवर दोन्हीकडे शिक्का मारला. आणि लोकांनी थेट कायदा मांडायचा हा रस्ता ओमाहाच्या ठरावातलाच, साउथ डकोटाने १८९८ ला तो पहिल्यांदा आणला. जे लोक सँडर्सना मत देणार नाहीत ते सुद्धा त्यांच्या कागदातली ओळ उचलतात, फक्त ती त्यांच्यापुढे नावाशिवाय, पक्षाशिवाय यायला हवी.

(दृश्य: १९६६, दवाखान्याबाहेर वृद्धांची रांग)

आणि आरोग्य विमा. यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप म्हणजे एवढं मोठं काम सरकारला जमणार नाही. ३० जुलै १९६५ ला मेडिकेअरचा कायदा झाला, ६५ वर्षांवरच्यांसाठी. १ जुलै १९६६ ला तो चालू झाला, म्हणजे मध्ये ११ महिने, तेव्हा आजच्यासारखे कॉम्प्युटर नव्हते, आणि १ कोटी ९० लाखांच्या आसपास लोक नोंदले गेले. त्यात आणखी एक गोष्ट केली. दक्षिणेतल्या दवाखान्यांमध्ये तोवर काळ्यांचे वॉर्ड वेगळे, कुठे कुठे दारच बंद. सरकारने सांगितलं, भेदभाव ठेवलात तर मेडिकेअरचा पैसा नाही. जे भाषणांनी आणि खटल्यांनी वर्षानुवर्षं होत नव्हतं ते बहुतेक दवाखान्यांत काही महिन्यांत झालं. पॉप्युलिस्ट जिथे मोडले ती जखम इथे एका अटीने भरायला लागली, म्हणून मला गोदामाची योजना कशी असावी याचं हे सगळ्यात चांगलं उदाहरण वाटतं. सँडर्सच्या २०१९ च्या बिलातही हीच शिस्त आहे, पहिल्या वर्षी ५५ वर्षांपर्यंत खाली या आणि मुलं घ्या, दुसऱ्या वर्षी ४५, तिसऱ्या वर्षी ३५, चौथ्या वर्षी सगळे.

२०२८ ला कोण उभं राहील ते राहो, पहिली ओळ मी औषधाचीच लिहीन, आणि त्यातही इन्सुलिनची. १९२१ ला टोरंटोत शोध लागला, शोधणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला दिलं. अमेरिकेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका इन्सुलिनची बाटली १९९६ ला २१ डॉलरला होती, २०१९ ला २७५ च्या आसपास. त्या जुलैमध्ये सँडर्स मधुमेही लोकांना बसमध्ये बसवून डेट्रॉइटहून नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरला घेऊन गेले, तिथल्या केमिस्टकडे तेच औषध साधारण दहाव्या हिश्श्यात. प्रचार होता, मान्य, पण लोकांनी हातात बिल धरून फरक दाखवला. २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरवाल्या वृद्धांसाठी इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या आत आणलं, जानेवारी २०२३ पासून लागूही झालं. खासगी विमा असलेल्या बाकीच्यांना सुद्धा हीच मर्यादा द्यायची, असं कलम त्याच बिलात होतं. ते ठेवायला सिनेटमध्ये ६० मतं हवी होती. रिपब्लिकनांपैकी सात जण सोबत आले, बेरीज ५७ झाली, आणि कलम काढून टाकलं गेलं.